मधली धार

“मोडली ना बाबा त्याची परिक्रमा?” मोरेश्वरनं विचारलं.

तोतारामबाबा काठावरच्या दगडावर बसून पायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाची?”

“सुकलालची. ते बघा ना.”

समोर घोटाभर पाण्याची अरुंद धार वाहत होती. तिच्या पलीकडे खडकाचं लहानसं बेट आणि बेटापलीकडे नर्मदेचं रुंद पात्र. सुकलाल बेटावर पाठमोरा उकिडवा बसून बाबांचा कमंडलू भरत होता.

परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही. तिला येऊन मिळणारे ओढे-नाले चालतात, तिची स्वतःची धार चालत नाही. बोटभर असली तरी नाही. ओलांडली की सारं चालणं फुकट. पुन्हा ओंकारेश्वरापासून सुरुवात.

चाळीस दिवस झाले होते.

“तू कधी पाहिलंस?” बाबांनी विचारलं.

“तो पायजमा दुमडत होता तेव्हा.”

“मग?”

मोरेश्वर अकरा वर्षं बाबांसोबत होता. अकरा वर्षं तो कमंडलू त्याच्याच हातात असे. आज सकाळी बाबांनी तो सुकलालला दिला. महिन्यापूर्वी वाटेत भेटलेल्या, चोपड्याच्या एका एसटी ड्रायव्हरला. उतारावर बाबा हल्ली त्याच्याच खांद्यावर हात ठेवत.

“वारा होता बाबा. हाक ऐकू गेली नसती.”

“मारलीस?”

मोरेश्वरनं झोळी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

“काठावर गढूळ होतं,” तो म्हणाला. “तुम्हाला स्वच्छ पाणी हवं म्हणून गेला तो. पुढं पुढं करायची भारी हौस. नियम माहीत नसेल तर माणसानं विचारावं.”

“कुणाला विचारावं?”



बाबांनी काटा काढून टाकला. काठी घेतली, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि धारेकडे चालू लागले.

हे त्यांच्या वयाचं चौऱ्याहत्तरावं वर्ष. आता पुन्हा जमायचं नाही, असं ते स्वतःच ओंकारेश्वरी म्हणाले होते.

“बाबा!” मोरेश्वर ओरडला. “बाबा, थांबा! ती माई आहे!”

पलीकडे सुकलालनं चमकून मागं पाहिलं.

बाबांचा एक पाय पाण्यात होता.

“वाऱ्यातही ऐकू येतं की रे,” ते म्हणाले, आणि दुसरा पाय टाकला.

सुकलाल भरला कमंडलू घेऊन उभा होता. बाबा धडपडत खडकावर चढले तसा त्यानं हात पुढे केला.

“मोरेश्वरभाऊ काय म्हणाले बाबा? हा नालाच ना?”

“नाही. माईचीच धार.”

सुकलाल त्या पाण्याकडे बघत राहिला. त्याची बायको श्रावणात गेली होती. परिक्रमेचा नवस तिचा होता.

“म्हणजे… तिची मोडली?”

“हो.”

“माझ्यानं मोडली.”

“माझीही मोडली,” बाबा म्हणाले. “पाणी दे आधी. घसा सुकलाय.”

सुकलालनं कमंडलू कलता केला. निम्मं पाणी बाबांच्या दाढीवरून ओघळलं. बाबा हसले. मग सुकलालही, रडता रडता.

मोरेश्वर धारेच्या काठाशी येऊन उभा होता. चपला त्यानं हातात घेतल्या होत्या.

“बाबा, मीही येतो.”

“तू कशाला?”

“तुमच्याबरोबर… पुन्हा पहिल्यापासून.”

बाबांनी सुकलालच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश खाली बसले.

“छे, तुझी कुठं मोडलीय? नीघ तू. पुढचं गाव लांब आहे.”