मिशीराव आणि घाईतली कळी

फार पूर्वी, फुलांना बोलता यायचं पण गप्प बसता यायचं नाही, तेव्हाची गोष्ट. एका अंगणातल्या कुंडीत पॅन्सीचं फूल होतं. जांभळा चेहरा आणि त्यावर काळी झुबकेदार मिशी. सगळे त्याला मिशीराव म्हणायचे.

घरातली ताई रोज सकाळी सुकलेली फुलं खुडायची, म्हणजे कळ्यांना जोर यायचा. एका सकाळी ताई आली नाही. मग आलीच नाही.

मिशीरावांनी झाडावरच्या सगळ्या फुलांना हुकूम सोडला, "ती येईपर्यंत कुणी गळायचं नाही! तिला सगळे ओळखीचे चेहरे दिसले पाहिजेत."

फुलं देठाला चिकटून बसली. सुरकुतली, वाकली. मिशीरावांची मिशी तर हनुवटीखाली लोंबायला लागली.

"मिशीराव, मिशी आवरा! गोगलगाय घसरगुंडी खेळतेय!" शेजारच्या कुंडीतली चिमुकली व्हायोला फुलं खिदळली.

पण खालची कळी रडकुंडीला आली. "आजोबा, झाडाचं सगळं बळ तुम्हीच खाताय. मी कधी उमलू? ऊन तापलं की सगळेच करपू!"

"मी गळलो तर ताई कुणाला शोधेल?"

"अहो, सुकलेल्यांना खुडायलाच तर यायची ती!"

मिशीराव गप्प झाले. फूल गप्प झालेलं तेव्हा सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मग ते गोगलगायीला म्हणाले, "बाई, एवढा देठ कुरतड. हळू हं, गुदगुल्या होतात."

काही दिवसांनी कळी उमलली. तिलाही तशीच झुबकेदार मिशी होती. उमलल्या उमलल्या तिने विचारलं, "ताई आली?"