पुरचुंडीत न बांधलेला दाणा

फार फार वर्षांपूर्वी, अक्षरे अजून राजवाड्यातच राहत होती आणि खेड्यापाड्यांकडे फिरकतही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावात सारजा नावाची बाई आपल्या घरच्या चुलीवर चटण्या करून विकत असे. तिची खोबऱ्याची चटणी तर अशी, की भाकरी संपली तरी बोट गाडग्यातून निघू नये.

सारजाला मूलबाळ नव्हते. शेजारच्या कुंभाराची ठकू मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत तिच्याच चुलीपाशी. कुंभारीण म्हणे, "जन्म दिला मी, पण पोरगी तुझीच गं बाई." ते ऐकून सारजा वरवर नाक मुरडायची आणि मनातून सुखावायची.

या ठकूला एक गोष्ट अजिबात चालत नसे. शेंगदाणा! ती अगदी लहान असताना जत्रेत कुणीतरी लाडूचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. त्यात दाण्याचे कूट होते. पोरीचे ओठ सुजले, घसा आवळला, जीव कंठाशी आला. वैद्यबुवांनी कसेबसे वाचवले आणि बजावले, "हा दाणा हिच्या पोटात पुन्हा जाता कामा नये."

तेव्हापासून सारजाने एक रीत सुरू केली. प्रत्येक गाडग्याच्या गळ्याला ती चिंधीची लहानशी पुरचुंडी बांधू लागली. गाडग्यात जे जे घातले, त्याची चिमूट चिमूट पुरचुंडीत. खोबऱ्याचा कीस, लसणाची पाकळी, मिरचीचा तुकडा, मिठाचा खडा.

"हे बघ ठके," ती म्हणाली, "कुणाच्याही घरी माझं गाडगं दिसलं, तर आधी पुरचुंडी सोडायची. आत दाणा नसेल तर बिनघोर खायचं. मी सांगते ना!"

लोकांनाही ही रीत आवडली. सारजाची पुरचुंडी म्हणजे देवापुढची शपथ, असे आसपासच्या गावांत लोक म्हणू लागले. आता स्तुती कुणाला कडू लागते? सारजालाही लागली नाही. पुरचुंडी कुणासाठी बांधायला घेतली हे ती विसरली नव्हती. पण चिंधी आता तिला रेशमी हवीशी वाटू लागली होती.

एके वर्षी घाटात दरड कोसळली. खोबरे घेऊन येणारे बैल पलीकडेच अडकले. इकडे जत्रा तोंडावर आलेली, आणि सारजाच्या घरात खोबरे निम्म्या गाडग्यांनाही पुरेना. तिने दारोदार विचारून पाहिले, कुणाकडेच नव्हते. शेवटी तिने शेंगदाणे भाजले, कुटले आणि खोबऱ्यात मिसळले. चव घेऊन पाहिली, तर फरक तिचा तिलाच ओळखू येईना.

मग पुरचुंड्या बांधायची वेळ आली. चार दाणे उचलले, आणि हात थबकला. 'दाणा दिसला की लोक म्हणणार, सारजानं हात आखडला. इतक्या वर्षांचं नाव एका दाण्यापायी मातीत जायचं.' आणि ठकू? तिच्यासाठी निव्वळ खोबऱ्याचे एक गाडगे सारजाने आधीच वेगळे काढून फडताळात ठेवले होते. पोरीची सोय झाली, मग कुणाचे काय बिघडणार? अशी मनाची समजूत घालून तिने दाणे खाली ठेवले आणि गाठ मारली.

जत्रेत सगळी गाडगी हातोहात खपली.

जत्रा आटोपल्यावर एका दुपारी ठकू साळ्यांच्या घरी खेळायला गेली. साळीण पोरींना जेवायला वाढू लागली. तिने चटणीचे गाडगे पुढे सरकवले आणि विचारले, "तुला चालतं ना गं हे?" ठकूने पुरचुंडी सोडली. तळहातावर ओतली. एकेक जिन्नस बोटाने बाजूला करून नीट पाहिला. मग भाकरीला चटणी लावून तिने घास घेतला.

साळणीची हाक ऐकू आली तेव्हा सारजा जात्यापाशी बसली होती. ती तशीच धावली. दारातून तिला आधी ते गाडगे दिसले, मग ठकूचे सुजलेले तोंड.

वैद्यबुवांनी दिवेलागणीपर्यंत शर्थ केली. तेव्हा कुठे पोरीचा श्वास सरळ झाला.

बाहेर जमलेल्या बायांनी मात्र साळणीला धारेवर धरले. "पाटा धुतला नसशील! पोरीला चालत नाही हे ठाऊक नव्हतं का तुला?" साळीण रडत होती. "देवाशप्पथ सांगते, घरात दाण्याचं टरफलसुद्धा नाही." गाडगे सगळ्यांच्या पायांशीच होते; पण त्याच्याकडे कुणी बघितलेही नाही. त्याला सारजाची पुरचुंडी होती ना! सारजा भिंतीला टेकून उभी होती. गप्प राहिली असती, तर कुणाला कधीच कळले नसते.

इतक्यात ठकूने डोळे उघडले. "काकूला नका बोलू," ती हळूच म्हणाली. "माझंच चुकलं असेल." तिने सारजाकडे पाहिले. "मावशी, मी बघितलं होतं गं. पण मलाच दाणा दिसला नाही. पुढच्या वेळी नीट बघेन."

सारजाच्या काळजाचे पाणी पाणी झाले. ती पोरीच्या उशाशी कोसळली. "नाही गं माझे बाय! तुझे डोळे धड आहेत. दाणा पुरचुंडीत नव्हताच. चटणीत होता. मीच घातला आणि मीच लपवला."

कुंभारीण रडली नाही की ओरडली नाही. तिने लेकीचे डोके मांडीवर ओढून घेतले आणि सारजाकडे पाठ केली. तिने चार शिव्या दिल्या असत्या, तर सारजाला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवसापासून सारजा गावोगाव फिरली. ज्या ज्या घरी गाडगे गेले होते, तिथे जाऊन म्हणाली, "यात दाणा आहे. मी सांगितलं नव्हतं." कुणी गाडगे परत केले, कुणी तोंडावर दार लावले. एक म्हातारा बोटे चाटत म्हणाला, "चव तर झकास आहे की! मग लपवलंस कशाला?" सारजा मान खाली घालून पुढच्या घराकडे निघाली.

कितीतरी महिने कुंभारीण तिच्याशी एक शब्दही बोलली नाही. ठकूचे येणे बंद झाले. सारजाची चूल पेटे, पण घर थंडच वाटे.

मग एके दिवशी मायलेकी दारात आल्या. "हिचा जीव राहत नाही इथं आल्याशिवाय," कुंभारीण तुटकपणे म्हणाली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. सारजाने भाकरी वाढली, गाडगे पुढे ठेवले. ठकूने पुरचुंडी सोडून सगळे पाहिले. घास उचलला, पण तोंडापर्यंत नेला नाही.

"मावशी, एवढंच आहे ना?"

आजवर असे तिने कधीच विचारले नव्हते. सारजाचे डोळे भरून आले. "एवढंच आहे, बाळा."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा ठकूने घास घेतला. कुंभारीण उंबरा ओलांडून आत आली आणि लेकीशेजारी बसली.

पुढे ठकू मोठी झाली, सासरी गेली, माहेरपणाला येऊ लागली. दर वेळी ती पुरचुंडी बघायची, आणि तरीही विचारायची, "मावशी, एवढंच ना?" आणि सारजा दर वेळी हातातले काम ठेवून, तिच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यायची. त्याचा तिला कधी कंटाळा आला नाही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही, एवढे ध्यानात ठेवा: जो आपल्या शब्दावर घास घेतो, त्याला त्या घासात काय काय आहे ते सगळे सांगावे, लहानातल्या लहान दाण्यासकट.