रातकिडा म्हणे हंबा

गवताच्या पात्याखाली किरू रातकिडा राहायचा. त्याला एक लेक होती. तिचं नाव ठिपकी. एवढीशी! तिळाएवढी!

जवळच पिंपळाखाली होती बोलकी पाटी. पाटीवर सगळ्यांची चित्रं. चित्राला हात लावा, आवाज येतो. चिमणीला लावा, चिव चिव. शेळीला लावा, बें बें.

ही पाटी कुणी केली? सगळ्यांनी मिळून केली. कुणीही यावं, ऐकावं. कुणीही यावं, चुकलेलं नीट करावं.

एके सकाळी ठिपकीनं बाबांच्या चित्रावर पाय ठेवला. पाटी म्हणाली,

"हंबाऽऽ!"

अरेच्चा! रातकिड्याचं किर्र कुठे गेलं? कुणीतरी घाईघाईत तिथं गाईचा आवाज चिकटवला होता.

ठिपकीनं किरूकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं.

"तुम्ही माझे बाबा नाही," ती म्हणाली. "माझे बाबा हंबा म्हणतात. पाटी सांगते ना!"

आणि ती गेली निघून. तुरुतुरु, तुरुतुरु.

किरूला रडूच आलं. मग त्यानं डोळे पुसले. आपलं खरंखुरं किर्र पानाच्या पुडीत बांधलं. पुडी डोक्यावर घेतली. एवढंसं तर काम! आत्ता जाईन, आत्ता बदलीन.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

पाटीच्या मागे होतं दार. नवा आवाज तिथूनच आत जायचा. दारात बसले होते वानरमामा.

"मामा मामा, दार उघडा ना!
ठिपकी मला बाबा म्हणेना."

"छे छे!" मामा म्हणाले. "दिवा लाल आहे. दिवा हिरवा झाल्याशिवाय मी दार उघडणार नाही!"

टुपुक टुपुक. किरू गेला दाराच्या दिव्याकडे.

"दिवेदादा, हिरवा हो ना!
ठिपकी मला बाबा म्हणेना,
मामा दार उघडेना."

"छे छे!" दिवा म्हणाला. "तपासणी कुठे झालीय? गोगलताईनं तपासल्याशिवाय मी हिरवा होणार नाही!"

टुपुक टुपुक. किरू गेला गोगलताईकडे. गोगलताई म्हणजे गोगलगाय. एक चित्र बदललं, तरी ती सगळी चित्रं तपासायची. हत्तीपासून मुंगीपर्यंत. हळूऽऽहळू. हळूऽऽहळू.

"गोगलताई, तपास ना!
ठिपकी मला बाबा म्हणेना,
मामा दार उघडेना,
दिवा हिरवा होईना."

"छे छे!" गोगलताई म्हणाली. "तपासते मी यंत्रावर. यंत्र मोकळं झाल्याशिवाय मी तपासणार नाही!"

टुपुक टुपुक. किरू गेला यंत्राकडे. यंत्र गरम गरम. घर्र घर्र, थडथड!

"यंत्रराव, मोकळे व्हा ना!
ठिपकी मला बाबा म्हणेना,
मामा दार उघडेना,
दिवा हिरवा होईना,
गोगलताई तपासेना."

"छे छे!" यंत्र धापा टाकत म्हणालं. "हा मोर बघ! पिसाचा रंग बदलतो. परत बदलतो. दर वेळी पहिल्यापासून तपासणी. मोर थांबल्याशिवाय मी मोकळं होणार नाही!"

टुपुक टुपुक. किरू गेला मोराकडे. मोर आपलं चित्र रंगवत होता.

"निळा बरा की जांभळा बरा? जांभळा बरा. पाठवा! नको नको, निळाच बरा. पाठवा!"

"मोरदादा, थांब ना!
ठिपकी मला बाबा म्हणेना,
मामा दार उघडेना,
दिवा हिरवा होईना,
गोगलताई तपासेना,
यंत्र मोकळं होईना."

"छे छे!" मोर म्हणाला. "थांबायचा नियम आहे का? नाही ना? हत्तीअप्पांनी नियम केल्याशिवाय मी थांबणार नाही!"

टुपुक टुपुक. किरू गेला हत्तीअप्पांकडे. वडाखाली बैठक भरली होती. बैठकीचं नाव होतं, तपासणी-लवकर-व्हावी-समिती. समिती गेल्या उन्हाळ्यापासून बसलेली. अजून उठली नव्हती.

"अप्पा अप्पा, नियम करा ना!
ठिपकी मला बाबा म्हणेना,
मामा दार उघडेना,
दिवा हिरवा होईना,
गोगलताई तपासेना,
यंत्र मोकळं होईना,
मोर काही थांबेना."

"अरेरे! फार गंभीर विषय आहे," अप्पा म्हणाले. सगळ्या समितीनं माना हलवल्या. "पण चहा कुठाय? चहात दूध नाही! गाईनं दूध दिल्याशिवाय मी नियम करणार नाही!"

टुपुक टुपुक. किरू गेला गाईकडे. गाय कान झाडत होती. फट फट, फट फट!

"गाईमावशी, दूध दे ना!
ठिपकी मला बाबा म्हणेना,
मामा दार उघडेना,
दिवा हिरवा होईना,
गोगलताई तपासेना,
यंत्र मोकळं होईना,
मोर काही थांबेना,
अप्पा नियम करीना."

"छे छे, अजिबात नाही!" गाय म्हणाली. "कोण हे माझ्या कानात ओरडतंय? सारखं बाबा बाबा, बाबा बाबा! मी कुणाची बाबा? ते गप्प झाल्याशिवाय मी दूध देणार नाही!"

किरूनं घेतली उडी. शिंगावर चढला. कानात डोकावला.

कानात कोण? ठिपकी!

"ठिपके, गप्प बस गं!"

"छे छे!" ठिपकी म्हणाली. "तुम्ही कोण सांगणार? हेच माझे बाबा. पाटीनं किर्र म्हटल्याशिवाय मी गप्प बसणार नाही!"

झालं! पाटीला हवं दार. दाराला हवा दिवा. दिव्याला हवी गोगलताई, तिला हवं यंत्र, यंत्राला हवा मोर थांबलेला. मोराला हवा नियम, नियमाला हवा चहा, चहाला हवी गाय. गाईला हवी शांतता. आणि ठिपकीला हवी पाटी! गोल गोल, गोल गोल. किरूला तर चक्करच आली.

आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं.

किरू कानाच्या काठावर बसला. दमला होता. त्यानं पंखावर पंख घासला. हळूच.

"किर्र... किर्र..."

ठिपकी थांबली.

"परत म्हणा."

"किर्र... किर्र..."

"हे तर झोपताना ऐकू येतं," ठिपकी म्हणाली. "अंधारात. माझ्या अगदी जवळ." ती पुढे आली. अजून पुढे आली. किरूच्या मिशीला तिनं मिशी लावली. "बाबा! तूच की रे!"

आणि ठिपकी गप्प झाली.

मग काय!

गाईनं दूध दिलं. चुर्र चुर्र!
चहा उकळला. खदखद!
अप्पांनी घोट घेतला. सुर्रर्र! आणि नियम केला. "ज्याचं चित्र बदललं, त्याचंच तपासा. बाकीच्यांना त्रास नको. आणि मोरानं आधी नीट ठरवावं, मग एकदाच पाठवावं!"
मोर थांबला.
यंत्र मोकळं झालं. फुस्स!
गोगलताईनं एकच चित्र तपासलं. "झालंसुद्धा?" तिला खरंच वाटेना.
दिवा हिरवा झाला. टिक!
मामांनी दार उघडलं. करकर!
किरूनं पुडी सोडली. किर्र गेलं आत.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समितीनं स्वतःसाठी जरा जास्तच वाजवल्या. मग परत चहा मागवला.

ठिपकीनं चित्रावर पाय ठेवला. पाटी म्हणाली,

"किर्र... किर्र..."

ठिपकीनं मान वाकडी करून ऐकलं. मग ती बाबांच्या पाठीवर चढली आणि म्हणाली,

"बाबा, पाटीला येतंय की रे, थोडंथोडं तुझ्यासारखं!"