सतरा गांडुळं

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एक नदी मोठं वळण घेत असे, त्या वळणावर मासे धरणाऱ्या भोयांचं एक लहानसं गाव होतं. गावात गुणाजी नावाचा एक गडी राहायचा. गळ टाकून मासे धरावेत ते गुणाजीनंच, असं काठावरची सगळी माणसं म्हणत. पाण्यावर उठलेला एक बुडबुडा बघून तो सांगायचा, खाली वाम आहे की शिंगाळा. आपल्या हाताचा त्याला मोठा अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

त्याच्या शेजारी हिराक्का राहायची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती गळाला लावायची गांडुळं घरात पाळायची. तिच्या पडवीत, सावलीच्या बाजूला, चार मोठी मडकी ओळीनं मांडलेली असत. सकाळी नदीवर जाताना गळवाले तिच्याकडून पानात बांधून गांडुळं न्यायचे आणि येताना एखादा मासा तिच्या उंबऱ्यावर ठेवून जायचे.

त्या मडक्यांचं ती सगळं हौसेनं करायची. मडक्याच्या तळाला बारीक भोकं, त्यावर खापऱ्यांचा थर, त्यावर कुजलेला पाला आणि जुनं, पार भुगा झालेलं शेण. ताजं शेण ती कधी घालत नसे, ते आतून तापतं. तोंडावर ओलं गोणपाट. प्रत्येक मडकं तीन दगडांवर, आणि दगड पाण्यानं भरलेल्या पसरट परळात, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. मडक्यात हात घालायच्या आधी ती साध्या पाण्यानं हात धुवायची. मीठ-तिखटाचा हात आत जाऊ देत नसे. मग मूठभर माती उचलून दाबून बघायची. बोटांतून एखादा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पाणी जास्त झालं, आणि काहीच आलं नाही तर कमी.

गुणाजीला हे सगळं बघून हसू यायचं.

एकदा तो म्हणालाच, "अक्का, उद्या ज्यांना माशानं गिळायचं, त्यांचे आज एवढे लाड?"

हिराक्का मडक्यातून एक मेलेलं गांडूळ निवडून बाजूला टाकत म्हणाली, "उद्याचं उद्या. आज ती माझ्या पडवीत आहेत ना?"

गुणाजी हसला, पानाची पुडी कमरेला खोचली आणि नदीवर गेला.

पुढच्या वर्षी पाऊस नीट पडलाच नाही. फाल्गुनातच नदीची धार तुटली. शेतं आधीच वाळली होती. आता गावापाशी उरला तो एक खोल डोह, आणि नदीतले सगळे मासे त्या डोहात येऊन दाटले. गावाची जत्रा भरायची त्या पिंपळाखाली सगळे जमले. म्हातारा पाटील म्हणाला, "डोहात जाळं टाकलं तर आठ दिवस पोटभर खाऊ, आणि नवव्या दिवशी डोह रिकामा. पुढं नदी भरली तरी तिच्यात मासा कुठला? म्हणून डोहात जाळं नाही. फक्त गळ. जे मिळेल ते सगळ्यांनी वाटून खायचं."

सगळ्यांना ते पटलं. पण गळाला लावायचं काय? जमीन दगडासारखी झाली होती. हातभर खणलं तरी गांडूळ दिसेना. कुणी पिठाच्या गोळ्या लावून बघितल्या, कुणी भाकरीचा तुकडा लावला. डोहातली वाम त्याला तोंडसुद्धा लावेना. तिला वळवळणारं, जिवंत गांडूळच हवं.

अख्ख्या गावात जिवंत गांडुळं उरली होती ती हिराक्काच्या चार मडक्यांत.

हिराक्का कुणाला नाही म्हणाली नाही. रोज सकाळी ती प्रत्येक गळवाल्याला मोजकी गांडुळं द्यायची. तेवढ्यावर घरटी मूठभर कालवण व्हायचं. गुणाजीला मात्र ते पुरेना. तो म्हणाला, "अक्का, चार गांडुळांत माझा हात काय दिसणार? दोन मडकी माझ्या घरी दे. अर्ध्या गावाला मी एकटा जेवू घालतो."

ते खोटं नव्हतं, हे हिराक्कालाही माहीत होतं. तिनं विचारलं, "नेशील, पण जगवशील का?"

"त्यात काय जगवायचं, अक्का? माती आहे, पाणी आहे. पडली राहतील."

हिराक्का काही तरी सांगणार होती, पण गुणाजीनं एक मडकं डोक्यावर घेतलंसुद्धा. दुसरं न्यायला तो परत आला तेव्हाही घाईतच होता.

दोन दिवस गुणाजीनं खरोखर कमाल केली. त्याच्या टोपलीतल्या माशांवर दहा घरं जेवली. लोक त्याचं नाव घेऊ लागले. त्या आनंदात त्यानं मडकी अंगणात उन्हात तशीच जमिनीवर टेकवली, त्यामुळं तळाची भोकं बुजली. उन्हानं माती सुकेल असं वाटलं म्हणून एक-एक घागर पाणी ओतलं. गांडुळं पळून जातील म्हणून तोंडावर घट्ट झाकण ठेवून कडेला शेण लिंपलं. आणि बिचारी उपाशी नकोत म्हणून आदल्या दिवशीचं खारट कालवण आत टाकलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावून त्याची बायको ठकूबाई चार पावलं मागं सरली. आत काळा चिखल झाला होता. गांडुळं पांढरी पडून गळून गेली होती. दुसऱ्या मडक्यातही तेच.

गावाचा निम्मा घास त्याच्या अंगणात कुजला होता.

ठकूबाई हळूच म्हणाली, "अहो, कुणी बघितलेलं नाही. मुळातच रोगट होती म्हणा. हिराक्काचीच होती की."

ठकूबाई म्हणते तसं सांगणं किती सोपं होतं! लोकांचा गुणाजीवर विश्वास होता. हिराक्का वाद घालणारी बाई नव्हती. पण उरलेल्या दोन मडक्यांवरचाही लोकांचा विश्वास उडाला असता, आणि ज्या बाईनं वर्षानुवर्षं गावाचे गळ भरले, तिच्याकडं लोकांनी संशयानं बघितलं असतं. ते चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

त्यानं एक मडकं डोक्यावर घेतलं, दुसरं ठकूबाईच्या हातात दिलं आणि भर सकाळी, सगळ्या गावादेखत, तो हिराक्काच्या पडवीपाशी गेला. तिथं गळवाले जमलेच होते.

मडकं खाली ठेवून तो म्हणाला, "अक्का, तुझी गांडुळं मी मारली. उन्हात ठेवली, पाण्यात बुडवली, झाकण लिंपलं आणि वर खारट कालवण घातलं. तुझ्या गांडुळांत काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती."

एकच गलका झाला. कुणी म्हणालं, याला गळच धरू देऊ नका. कुणी म्हणालं, एवढी मिजास होती, जिरली ना! गुणाजी मान खाली घालून उभा राहिला.

हिराक्कानं हात धुतले. बाह्या मागं सारून तिनं तो घाण वास मारणारा चिखल परातीत काढला आणि बोटांनी चाचपू लागली. पहिल्या मडक्यात काही मिळालं नाही. दुसऱ्या मडक्याला कडेला एक बारीक चीर होती. तिथून थोडी हवा आत जात असावी. त्या चिरेला चिकटून, एकमेकांत गुंतून, काही गांडुळं अजून हलत होती. तिनं एक-एक सोडवून मोजली. सतरा.

ओल्या पानावर ती सतरा गांडुळं ठेवून तिनं पान गुणाजीपुढं धरलं. "घे. ही गळाला लावायची नाहीत. वाढवायची."

"त्यालाच?" गळवाले ओरडले.

"त्यालाच," हिराक्का म्हणाली. "ती कशानं मरतात, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे? त्याला माहीत आहे."

त्या दिवसापासून गुणाजीचा गळ खुंटीला लागला. नदीवर जायच्या वेळी तो हिराक्काच्या पडवीत बसायचा. तिचा हात कसा चालतो ते बघायचा. आजवर त्याला वाटायचं, हात फक्त मासा ओढणाऱ्याचा बघावा. आता त्याला दिसलं, की ही बाई गोणपाट उचलते तेसुद्धा इतक्या अलगद, की आतल्या गांडुळांना अंधार हलल्याचंही कळू नये. वासावरून ती सांगायची, मडक्यात कुठं तरी एखादं मेलंय. आणि हात घालून नेमकं तेच बाहेर काढायची. बघता बघता गुणाजीच्या तोंडून निघून जायचं, "वा, अक्का!"

घरी त्यानं नवं मडकं मांडलं. सावलीत, दगडांवर, दगड परळात. भाजीची देठं आणि साली बारीक चिरून तो चिमूट-चिमूट घालायचा. पहिलं संपल्याशिवाय दुसरं नाही. दुपारी ऊन सरकलं की मडकंही सरकवायचा.

सोपं नव्हतं ते. डोहावरून गळवाले रिकामे परतायचे, तेव्हा ठकूबाई मडक्याकडं बघायची. एकदा ती म्हणालीच, "सतरा आहेत. त्यांतली पाच लावलीत तर आज आपल्याच नाही, शेजारच्याही चार घरांत चूल पेटेल."

"पेटेल," गुणाजी म्हणाला. "आणि उद्या?"

त्या दिवशी दोघांनी कण्यांची पातळ पेज पिऊन भागवलं.

महिनाभरानं माती दाबून बघताना त्याच्या बोटांना पिवळट, राळ्याच्या धान्याएवढे बारीक दाणे लागले. गवताचं बी असेल म्हणून तो फेकणारच होता. पण या वेळी त्यानं आधी विचारायचं ठरवलं. तळहातावर दोन दाणे घेऊन तो धावत हिराक्काकडं गेला.

तिनं ते डोळ्यांजवळ धरले. "अरे, अंडी आहेत ही! जा, होती तिथंच ठेव. आणि धावू नकोस."

काही दिवसांनी मडक्यात दोऱ्यासारखी पांढरी पिल्लं दिसू लागली. गुणाजीनं ठकूबाईला बोलावून दाखवली. दोघं मडक्यावर वाकून किती तरी वेळ नुसती बघत होती. मग ठकूबाईनं स्वतःहून उठून गोणपाट भिजवून आणलं.

पिल्लं वाढली. एका मडक्याची दोन झाली, दोनाची पाच. दाटी झाली की गुणाजी मडकं वाटून घ्यायचा. ठकूबाई हात धुतल्याशिवाय कुणाला जवळ फिरकू देत नसे.

इकडं हिराक्का रोज गावाला देत होती. शेवटी ज्येष्ठ लागला, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि एका सकाळी तिच्या दोन्ही मडक्यांत मातीच उरली. गळवाले पडवीपुढं काळजीनं उभे राहिले. तेव्हा गुणाजीनं पुढं होऊन सांगितलं, "माझ्या घरी चला."

पाच मडकी ओळीनं मांडलेली होती. त्यानं गोणपाट उचललं. आत तांबडी, चकचकीत, तरतरीत गांडुळं होती. त्यानं प्रत्येकाच्या पानावर मोजून गांडुळं ठेवली आणि प्रत्येकाला एकदा मातीत हात घालायला लावलं. "दाबून बघा. एक थेंब आला पाहिजे. हे तुम्हालाही यायला हवं." त्या दिवशी डोहावरून एकही गळवाला रिकामा आला नाही. त्या गांडुळांवर गावानं ज्येष्ठ काढला, अर्धा आषाढ काढला आणि मग एकदाची नदी खळाळली. डोहातले मासे पाण्यातून वर-खाली पांगले. गावातलं एकही माणूस उपाशी मेलं नव्हतं, आणि नदीही रिकामी झाली नव्हती.

नदी भरल्यावर हिराक्का एके दिवशी गुणाजीच्या घरी आली. तिनं हात धुतले. पहिल्या मडक्यात हात घातला, माती उचलली, दाबली, वास घेतला. दुसरं मडकं. तिसरं. गुणाजी तिच्या बोटांकडं बघत उभा होता. मोठ्यात मोठा मासा धरतानाही त्यानं गळाकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"हे पाचवं चुलीच्या भिंतीला टेकलंय," ती म्हणाली. "धग लागेल."

त्यानं ते लगेच उचलून बाजूला ठेवलं.

मग हिराक्कानं एक ओलं पान पुढं केलं. "मूठभर दे, गुणाजी. माझी मडकी रिकामी झालीत. तुझ्याकडचीच नेते वाढवायला. माझ्याकडच्यांपेक्षा बरी आहेत."

गुणाजीनं सगळ्यांत चांगली गांडुळं निवडून पानावर ठेवली, वर चिमूटभर ओली माती घातली आणि दोन्ही हातांनी ते पान तिच्या हाती दिलं.

तात्पर्य: वापरण्याआधी जगवायला शिकावं, आणि ते शिकायचं असेल, तर आपल्या हातून काय मेलं हे आधी खरं सांगावं.