एक डोळा उघडा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. एका डोंगरावर मोठं विद्यापीठ होतं. तिथे दूरदूरची मुलं शिकायला येत. रोज पहाटे गुरुजी काशाच्या घंटेवर एकच टोला मारत. मुलांनी डोळे मिटून तो नाद ऐकायचा आणि तो पार विरला, की हात वर करायचा. मन एका जागी ठरावं म्हणून ही रीत.

तिथे एक कोळ्याचा मुलगा होता. समुद्रकाठ सोडून आलेला, एवढ्या मुलांत एकटा. पंगतीत त्याच्याशी कुणी बोलत नसे, आणि आपण होऊन बोलायचं त्याला सुचत नसे.

त्याच्या डोळ्यांत एकच जण सलायचा, वैद्याचा मुलगा. त्याचा हात रोज सगळ्यांच्या शेवटी वर जाई. "काय एकाग्रता!" मुलं म्हणत, आणि कोळ्याच्या मुलाचा नुसता जळफळाट होई. 'याला काय कमी आहे? मन शांत, वर सगळ्यांचं कौतुक. जेवायलाही वेगळा बसतो, शिष्ट कुठला!'

मग त्याने युक्ती काढली. एक डोळा किलकिला ठेवायचा, आणि वैद्याच्या मुलाचा हात हलला की मगच आपला वर करायचा. नाद कधी विरला, कुणास ठाऊक! मत्सराने भरलेल्या कानांत घंटेला जागा कुठली?

वर्ष सरलं. नाद सगळ्यांत शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला पुढे घंटा वाजवायचा मान मिळे; तो कुणाला द्यायचा, ते ठरायचा दिवस आला. 'हा मान मिळाला, तर इथे मला कुणीतरी विचारेल. नाहीतर सरळ घरी निघून जाईन,' कोळ्याच्या मुलाने ठरवलं होतं.

टोला पडला. एकेक करून हात वर गेले. वैद्याच्या मुलाचा हात मात्र हलेना, म्हणून याचाही हलेना. ऊन अंगणात उतरलं. मुलं डोळे उघडून बघू लागली.

"काय रे, अजून ऐकू येतंय?" गुरुजींनी दोघांना विचारलं.

"हो गुरुजी, अगदी स्पष्ट!" कोळ्याचा मुलगा म्हणाला.

त्या आवाजाने वैद्याचा मुलगा दचकला. त्याचे गाल ओले होते. "क्षमा करा, गुरुजी. मला आज टोलासुद्धा ऐकू आला नाही. आमच्या गावची जत्रा आहे आज. माझं मन रोजच घरी पळतं, निघून जावंसं वाटतं. शेजारी चुळबुळ झाली, की भानावर येतो आणि हात वर करतो. इथे मला एकही मित्र नाही."

मुलं हसली. कोळ्याच्या मुलाला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्याच्यावर वर्षभर जळलो, तो आपल्याइतकाच एकटा! तो उठून म्हणाला, "गुरुजी, मी खोटं बोललो. मी याच्या हाताकडे बघत होतो. घंटा मी एकदाही नीट ऐकलेली नाही."

मान तिसऱ्यालाच मिळाला. दुपारी कोळ्याच्या मुलाने आपलं पान उचललं आणि तो वैद्याच्या मुलाशेजारी जाऊन बसला.

"तुमच्या जत्रेत काय काय असतं रे?" त्याने विचारलं.

वैद्याचा मुलगा सांगत राहिला. भात निवून गेला तरी दोघांचं बोलणं संपेना, आणि घरी निघून जायचा विचार त्या दिवसापासून दोघांच्याही मनातून गेला.

तात्पर्य : ज्याचा हेवा वाटतो, त्याच्याजवळ बसून आधी त्याची विचारपूस करावी.