पहिला गॅस देवाचा

केळीच्या बागांनी वेढलेल्या एका गावाबाहेर पूर्वी एक वृद्ध आचार्य आश्रम चालवीत असत. गाव त्यांना आबा म्हणे. आश्रमाच्या स्वयंपाकघराचा सारा भार मथुराकाकूंवर होता आणि काकूंचा सारा राग चुलीवर. ओली लाकडं, कोंडलेला धूर आणि डोळ्यांना अखंड पाणी. वैद्यांनी त्यांना स्पष्टच बजावलं होतं, "बाई, आता एक तर धूर सोडा, नाहीतर डोळे सोडा."

आश्रमात एक शिष्य होता. हुशार, कष्टाळू आणि, खोटं कशाला बोला, अंमळ फुशारकी मारणारा. काकूंनी त्याला लहानपणापासून जेवू घातलेलं. त्याच्या मनाने घेतलं, की काकूंची चूल बंद करायचीच. घड उतरवल्यावर केळीची खोडं लोक बांधावर फेकून देत, तिथेच ती कुजत. ती बारीक चिरून शेणकाल्यात मिसळली तर गोबरगॅस होतो, एवढं त्याने आबांपाशीच शिकून घेतलं होतं. त्याने खड्डा खणला, टाकी बांधली, घरोघर जाऊन खोडं मागितली. लोक हसले, पण गाड्या भरून खोडं आली.

टाकीवर लोखंडी झाकण बसलं, तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "पहिला गॅस देवाचा हं. विसरू नकोस."

शिष्य कसला विसरतो! झाडाचं पहिलं फळ देवाचं, तसाच पहिला गॅस. आत गॅस साठून झाकण वर चढू लागलं, तसा त्याने मुहूर्त काढला, मांडव घातला, गावाला आवतण दिलं. पहिल्या ज्योतीवर शिरा करायचा, देवाला नैवेद्य दाखवायचा आणि मग अवघ्या गावाने तो खायचा. काडी ओढण्याचा मान काकूंचा. आणि आपण मधोमध उभं राहून दोन शब्द बोलायचे, हेही पठ्ठ्याने मनात ठरवून टाकलं होतं.

मुहूर्ताच्या सकाळी झाकण पुरतं वर आलेलं. शिष्य झेंडूचा हार घेऊन टाकीपाशी येतो तो काय, आबा वाकून उभे आणि तोटी सताड उघडी! फुस्स आवाज करीत सगळा गॅस आभाळात चाललेला, आणि झाकण हळूहळू खाली बसत होतं.

"आबा! अहो, हे काय केलंत?" त्याचा आवाज चिरकला. "आता गाव येईल. मी तोंड कसं दाखवू? उद्यापासून कोणी एक खोड तरी देईल का मला?"

"बस इथे," आबा म्हणाले. "मी तुला काय सांगितलं होतं?"

"पहिला गॅस देवाचा. म्हणून तर नैवेद्य करणार होतो ना!"

"नैवेद्य नुसता दाखवून खाणार होतात तुम्हीच. देवाचा म्हणजे त्याचा त्याला सोडून द्यायचा. पहिल्या गॅसात टाकीतली हवा मिसळलेली असते. काडी लावली तर बहुधा तो पेटत नाही, आणि पेटलाच तर भडका उडतो. मला शिकवणाऱ्यांनी कारण न सांगता देवाचं नाव पुढे केलं, मीही तेच केलं. नीट उलगडून सांगायला हवं होतं, तिथे माझं चुकलं. पण मला सांग, काडी कोणाच्या हातात देणार होतास?"

शिष्याची नजर आत वळली. स्वयंपाकघरात काकू रवा चाळत काहीतरी गुणगुणत होत्या. ज्या डोळ्यांसाठी एवढा खटाटोप केला, तेच डोळे आपण भडक्यापुढे धरणार होतो! त्याने हातातला हार खाली ठेवला.

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाळ, कामाच्या आरंभी जे फुगून वर येतं ना, त्यात वारा फार असतो. ते आपलं मानून मिरवायला गेलं, की आपल्याच माणसाला चटका बसतो. म्हणून पहिलं सोडून द्यायचं. त्याने टाकी रिकामी होत नाही. आतलं काम चालूच असतं."

गाव जमलं. शिष्य मांडवात उभा राहिला, पण ठरवलेले दोन शब्द काही त्याने उच्चारले नाहीत. "पहिला गॅस सोडून दिला आहे. अजून थोडं थांबावं लागेल. घाई माझी झाली," एवढंच तो म्हणाला.

"म्हणजे आमची केळी वाऱ्यावर सोडलीस की रे!" मागून कोणीतरी ओरडलं आणि मांडव खदखदला. शिष्याचे कान लाल झाले, तरी तोही हसला. शिरा काकूंनी चुलीवरच केला, डोळे पुसत पुसत. लोकांनी मात्र तो चाटूनपुसून खाल्ला, आणि जाताना खोडं बंद करण्याची भाषा कोणी केली नाही.

पुढे झाकण पुन्हा चढलं. या वेळी ना मांडव, ना हार. शेगडी आधी आबांनी स्वतः पेटवून पाहिली आणि मगच काडेपेटी काकूंच्या हाती दिली. निळी, स्थिर ज्योत उभी राहिली.

"अगं बाई, धूरच नाही की रे! बघ, बघ, डोळे कोरडे आहेत माझे," काकू म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता रडू लागल्या.

पहिली भाकरी टम्म फुगली. काकूंनी तिच्यावर तूप घातलं आणि ती शिष्यापुढे केली. "घे, तुझ्या हक्काची."

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, उठला, गोठ्यात गेला आणि गाईपुढे धरली.

"अरे वेड्या, तुझ्यासाठी केली होती ना ती!"

"पहिली तिची, काकू. दुसरी वाढा मला, सपाटून भूक लागली आहे."

दाराशी उभे असलेले आबा हसत आत आले. पाट सरकवून तेही जेवायला बसले.

तुमच्या-आमच्या कामाचंही झाकण पहिल्यांदा वर चढेल, तेव्हा तोटी कुठे आहे, तेवढं लक्षात असू द्यावं.