पायथन काढून दाखवा

राज्यातल्या शाळांसाठी सरकारी ऑपरेटिंग सिस्टिम तयार होत होती. तिच्यात प्रोग्रॅमिंगच्या कुठल्या भाषा आधीपासून घालायच्या, हे ठरवायला विद्वानांची समिती बसली.

"एकही नको!" अध्यक्ष डॉ. बोधनकर म्हणाले. "उगाच जागा अडते. ज्याला हवी तो नेटवरून उतरवून घेईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वत्सला पारधे यांनी तेवढी डोलावली नाही. रोज मुलांना शिकवणाऱ्या त्या समितीत एकट्याच. त्यांची शाळा डोंगरात, तिथे नेटचा पत्ता नाही. पायथन ही भाषा सिस्टिममधून गेली, तर पोरांच्या हाती नुसतं टायपिंगचं यंत्र उरणार होतं. सकाळपासून त्या हेच सांगत होत्या. कुणी ऐकणं दूरच, शेजारच्यांनी खुर्चीही जरा लांब सरकवली होती.

"पारधेबाई, तुमच्या एका शाळेसाठी अख्खं राज्य थांबवू का?"

"नको, सर. इतकं सोपं असेल तर आत्ता इथेच पायथन काढा आणि परत उतरवून दाखवा. मी विरोध मागे घेते."

अध्यक्षांनी समोरच्या नमुन्याच्या संगणकावरून हसत हसत पायथन उडवली. मग सॉफ्टवेअर उतरवायचं ॲप दाबलं. ते उघडेना. पुन्हा दाबलं.

"नेट गेलं का हो?"

"नेट आहे, सर. ते ॲपच पायथनमध्ये लिहिलंय. दुकानदारालाच हाकलून दिलंत, आता दुकान कोण उघडणार?"

पायथन राहिली. चहाच्या वेळी सगळे अध्यक्षांभोवती जमून त्यांच्या 'प्रात्यक्षिका'चं कौतुक करत होते. बाई कप घेऊन खिडकीशी गेल्या आणि एकट्याच खदखदून हसल्या. काय झालं, म्हणून कुणी विचारलंही नाही.